आमची काही हरकत नाही

॥ श्री ॥
माधव नगर, उज्जैन
१२ जानेवारी २०२६

ती. अक्कास,
जयंताचा शि. सा. न. वि. वि.

कानाचं नवं यंत्र आलं का, आणि आलं असेल तर ते तू कानात घालतेस की डबीत ठेवतेस, हे आधी कळव. फोनवर मी बोलतो एक आणि तू ऐकतेस भलतंच. मागच्या खेपेला मी ओरडून सांगितलं की टेंडर भरतोय, तर तू ऐकलंस कॅलेंडर, आणि वर म्हणालीस की एक मलाही पाठव. त्यापेक्षा पत्रच बरं. घसा तरी शाबूत राहतो.

सोबत तिळाचे लाडू आहेत. ईराने केलेत, त्यामुळे दात सांभाळून खा. जावयाची, मंदारची, पुण्याला बदली होऊन वर्ष होत आलं, तरी पोरगी अजून इथेच आहे. तिकडे भैरवगढला तिचं ते छपाईचं शेड आहे ना, त्यात रमलीय. मी काही बोलत नाही. नंदा गेल्यापासून घरात दिवा लागतो तो हिच्यामुळे. ती पुण्याला गेली तर मी आणि टीव्ही, दोघंच उरू.

आता कामाचं. सिंहस्थाला दोन वर्षं राहिलीत आणि शहरात जिकडे पाहावं तिकडे खड्डा, आणि प्रत्येक खड्ड्यामागे एक निविदा. एक सरकारी खातं मोठं यात्री निवास बांधतंय. त्यांना चादरी पाहिजेत, त्याही भैरवगढ छापाच्या, हातानं ठसे मारलेल्या. तर काय आहे ना अक्का, सरकारला माल पुरवायच्या धंद्यात आम्ही तिघं आहोत. मी, नानाखेड्याचे विष्णूसेठ आणि तो विहंग, एमबीए झालेला. रविवारी आपल्या घरी पोहे-जलेबी होते आणि यंदा कुणाचा नंबर ते ठरतं. ज्याचा नंबर, तो आपला भाव टाकतो. बाकीचे दोघं त्याच्यापेक्षा चढा टाकून हरतात. पुढच्या खेपेला दुसऱ्याचा नंबर. भांडण नाही, तंटा नाही. काही लोक याला संगनमत म्हणतात. मी भाईचारा म्हणतो.

यंदा नंबर माझा आहे. तिघांचे कागदही मीच तयार करून देतो, कारण विष्णूसेठना लिहायचा कंटाळा आणि विहंगचं हिंदी इंग्रजीत असतं. एकदा मजकूर केला की काय, वरची नावं बदलायची.

तुझी माया कमी पडू देऊ नकोस. त्यात आपल्याला चढा भाव चालेल.
तुझा,
जयंत

॥ श्री ॥
कऱ्हाड
१९ जानेवारी २०२६

चि. जयंतास,
अक्काचे अनेक आशीर्वाद.

यंत्र डबीतच आहे. कानात घातलं की शेजारच्या वहिनी स्पष्ट ऐकू येतात, म्हणून काढून ठेवलं. लाडू फोडायला खलबत्ता काढावा लागला, पण चव नंदाच्या हाताची आहे. ईराला सांग.

तुझ्या भाईचाऱ्याचं वाचून माझी सकाळ छान गेली. म्हणजे कुस्ती आहे, पण कोण चीत होणार ते आधीच पोहे खाताना ठरलंय. तिकीट मात्र सरकारनं काढायचं. आणि सरकार म्हणजे कोण रे शहाण्या? माझ्या पेन्शनीतून कर कापतात ना, ती मी. तेव्हा तुझ्या त्या जलेबीत थोडी माझीही आहे. चांगली कुरकुरीत असते का, एवढं तरी लिहायचंस.

मला एक कळत नाही. चादरी भैरवगढच्या पाहिजेत, तुझी मुलगी भैरवगढला चादरी छापते, एका ताटात जेवता. आणि तुझ्या चादरी येणार कुठून? तू लिहिलं नाहीस, पण मी ओळखते तुला. सुरतेहून ट्रक येईल. मशीनचा छाप, वर भैरवगढची चिठ्ठी. ईराच्या शेडमध्ये तू कधी पाऊल तरी टाकलंयस का? तिथं काय चालतं, किती बायका काम करतात, काही ठाऊक आहे? की तिचाही नंबर लागायचाय अजून?

रागावू नकोस. रागावलास तरी लिही.
तुझी,
अक्का

उज्जैन
२६ जानेवारी २०२६

ती. आत्यास,
ईराचा सा. न.

हे पत्र वाचून झालं की बाबांना त्यातलं काही कळवायचं नाही, अशी आधी शपथ घे. घेतलीस? मग ऐक. चादरींची ती निविदा मीही भरलीय.

शेडचे काय हाल आहेत ते तुलाच सांगते. छापणाऱ्या बायका आहेत, ठसे आहेत, रंगाची कढई रोज चढते. पण उठाव नाही. बाजारात मशीनची चादर भैरवगढ म्हणून विकली जाते आणि आमची खरी बाजूला पडून राहते. मंदार समजूतदार आहे, पण दोन गावी दोन चुली किती दिवस चालवणार? आमचं ठरलंय. हे काम मिळालं तर शेड राहील आणि मी इथे राहीन. नाही मिळालं तर शेडला कुलूप लावून मी पुण्याला जाणार. बायकांना अजून सांगितलेलं नाही. त्यांच्यासमोर हसत बसते, फार कठीण जातं.

निविदा आमच्या नीलबूटा समूहाच्या नावानं आहे. अध्यक्ष देवश्री, आमची सगळ्यांत जुनी छापणारी. सचिव मी. बाबांना हे नाव ओळखू येणार नाही, हा मला भरवसा आहे. शेडच्या उद्घाटनाला मी त्यांना किती बोलावलं होतं, पण त्या दिवशी त्यांचं कुठलंसं टेंडर उघडणार होतं. पाटी त्यांनी आजतागायत वाचलेली नाही.

मी निविदा भरायच्या आधीच्या रविवारी विष्णूकाका आणि विहंग आले. पोहे मीच केले. मग भावाचं बोलणं सुरू होणार असं दिसताच चप्पल घालून सरळ बाहेर पडले. त्यांचा आकडा माझ्या कानावर पडला असता तर माझा आकडा माझा राहिला नसता. फ्रीगंज बाजारात दोन चकरा मारल्या, उगाच एक कंगवा घेतला आणि ते गेल्यावर घरी आले. बाबा म्हणाले, पोहे फर्स्ट क्लास झाले होते.

मनात माझ्यासाठी थोडी जागा राखून ठेव.
तुझी,
ईरा

॥ श्री ॥
माधव नगर, उज्जैन
९ फेब्रुवारी २०२६

ती. अक्कास,
जयंताचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. रागावलो, मग चहा घेतला, मग राग गेला.

इकडे मजाच झाली. लिफाफे उघडले, म्हणजे आता कॉम्प्युटरवर उघडतात, तर तिघांच्या जागी चार. चौथा कोण तर म्हणे नीलबूटा छपाई समूह. कधी नाव ऐकलं नाही, कधी तोंड पाहिलं नाही. विष्णूसेठांचं ब्लडप्रेशर वाढलं. त्यांचं म्हणणं, ही कोण माणसं, ना ओळख ना पाळख, सरळ येऊन भाव टाकतात, काही रीत आहे की नाही. विहंगला चौकशीला भैरवगढला पाठवलं. तिथं एक बाई रंगात हात बुडवून बसली होती. तिने सांगितलं की मॅडम बाहेर गेल्यात, आणि त्याच्या पांढऱ्या शर्टाला निळा हात लावून दिला. परत आला तो ड्रायक्लीनचं बिल कुणी द्यायचं हेच विचारत.

पण तुझा भाऊ काही कच्चा नाही. मी नमुन्याच्या चादरी पाहिल्या आणि लगेच मेख सापडली. त्या चौथ्याच्या दोन चादरी शेजारी ठेव, बूटा बूट्याशी जुळत नाही. कुठे गडद, कुठे फिका, कुठे जरा सरकलेला. हाताचं काम, दुसरं काय होणार. मी साहेबांना नियमातली ओळ दाखवली, की सर्व नग एकसारखे असावेत. साहेबांनी चष्मा लावून पाहिलं आणि समूह नापास. आपल्या चादरी डोळे मिटून पास, कारण सुरतेच्या मशीनला फिकं-गडद माहीतच नाही. भैरवगढची हस्तछपाई मागवली आणि हस्तछपाई आहे म्हणून बाद केली, असा किस्सा तुला कऱ्हाडात ऐकायला मिळणार नाही.

ईरा हल्ली गप्प असते. मी विचारलं तर म्हणाली, काही नाही, काम जास्त आहे. जास्त असेल तर चांगलंच आहे. तिचं शेड चालू दे बाई, म्हणजे ती इथे राहील. देवाजवळ मी तेवढंच मागतो.

माझ्यावर जीव आहे तो तसाच असू दे.
तुझा,
जयंत

उज्जैन
१२ फेब्रुवारी २०२६

ती. आत्यास,
ईराचा सा. न.

आमची चादर नापास झाली. कारण काय, तर ती हातानं छापलेली दिसते. देवश्रीला मी हे सांगितलं तेव्हा ती हसली, तिला वाटलं मी गंमत करतेय. मग तिने ती चादर घडी करून कपाटात ठेवली आणि पुढच्या कापडावर ठसा मारायला बसली. मला रडू आलं, आत्या. मी मोरीत जाऊन रडले.

आता पुढचं वाच, आणि हसू आलं तर हस, मीही हसलेय. भाग घेतलेल्यांना एकमेकांचे कागद कॉम्प्युटरवर पाहता येतात. मी तिघांचे पाहिले. विष्णूकाकांचं पत्र, विहंगचं पत्र, बाबांचं पत्र. तीन फर्म, तीन पत्ते, एकमेकांचे कट्टर स्पर्धक. आणि तिन्ही पत्रांत शेवटी एकच वाक्य: निविदा की किसी भी शर्त पर हमारी कोई हरकत नहीं है।

तुला बाबा माहीत आहेत. दिवसातून पन्नास वेळा हरकत नाही म्हणतात. भाजीवाल्याला, रिक्षावाल्याला, सगळ्यांना. हिंदीत म्हणायचं असतं आपत्ति, नाहीतर हर्ज. हिंदीत हरकत म्हणजे वात्रटपणा, काळे धंदे. म्हणजे तिघांनीही सरकारला सही करून लिहून दिलंय की आमचे काही काळे धंदे नाहीत. बाकी कुठला हिंदी माणूस असं लिहील? विष्णूकाका तर चार पिढ्या माळव्यातले. ही चूक करायला मराठी घरच पाहिजे, आणि त्यातही आमचंच.

घरात चालतं ते मला आधीपासून माहीत होतं. ते मी कुठे सांगितलं नसतं, जेवणाच्या टेबलावरचं बाहेर न्यायचं नाही एवढं मला कळतं. पण हे तर त्यांनी स्वतः सरकारकडे दिलंय. महिनाअखेरपर्यंत तक्रार करता येते. केली तर बाबा अडकतात. नाही केली तर शेडला कुलूप. दोन्हीकडून माझंच घर बुडतं. मी काय करू?

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
ईरा

॥ श्री ॥
कऱ्हाड
१७ फेब्रुवारी २०२६

चि. ईरास,
अनेक आशीर्वाद.

हसले, आणि मग तुझं पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं. तुझ्या बापावर माझा जीव आहे. आई गेली तेव्हा तो एवढासा होता, माझ्या पदराला धरून हिंडायचा. मी त्याला जन्मभर टोचत आलेय आणि तो जन्मभर हसत आलाय. माझ्या टोचण्याचा त्याला काही उपयोग झाला नाही, हे तू डोळ्यांनी बघतेसच.

तो वाईट नाही गं. त्याला खरंच वाटतं की हे तिघं मिळून लोकांचं भलं करतायत. त्याच्या चादरीनं कुणाची चूल विझते, ते त्याला दिसलेलं नाही, कारण ते बघायला त्याला भैरवगढपर्यंत जावं लागलं असतं. माधव नगरातून रिक्षा मिळते म्हणे.

तू तक्रार कर. मी विचार करून सांगतेय, रागात नाही. पण देवश्रीच्या पाठीमागे उभी राहून करू नकोस. ती बिचारी अंगठ्याएवढी सही करते, उद्या साहेब तिलाच बोलावून घाबरवतील. खाली तुझं नाव घाल. आणि हिंदी नीट लिही, मेली, नाहीतर तूही कुठेतरी हरकत घेऊन बसशील.

त्याला मी काही कळवत नाही. शपथ घेतलीय. पण त्याची पत्रं येतात, चौथ्याला शिव्या घातलेली, ती मी अर्धी वाचून घडी घालून ठेवते. हे लवकर संपव.

आशीर्वाद तुझ्यासोबत आहेतच, पत्र नाही आलं तरी.
तुझी,
आत्या

॥ श्री ॥
माधव नगर, उज्जैन
६ मार्च २०२६

ती. अक्कास,
जयंताचा सा. न. वि. वि.

होळी झाली, पण यंदा रंग बेरंग झाला. तिघांनाही नोटीस आलीय. कुणीतरी तक्रार केली की आम्ही तिघं एकच आहोत. पुरावा काय, तर म्हणे तिघांचं हिंदी एकसारखं चुकलंय. माझं डोकं फिरलं. हरकत नाही हे कुठल्या भाषेत गुन्हा झालं? विष्णूसेठ म्हणाले, जयंतभाऊ, मी सही करताना वाचलं होतं, मला वाटलं तुम्ही काही कायद्याचं लिहिलंय. विहंगनं तर वाचलंच नव्हतं.

काम त्या चौथ्याचंच आहे, शंका नाही. नाव नोटिशीत नाही, नुसतं लिहिलंय की समूहाच्या सचिवाकडून. काय माणसं असतात, अक्का. चांगला चाललेला भाईचारा, त्यात येऊन मिठाचा खडा टाकायचा. त्याचं माझं काय वैर?

नाव काळ्या यादीत गेलं तर या वयात मी तोंड कुठे दाखवू? तेव्हा उत्तर जोरदार द्यायचंय, आणि यावेळी हिंदी निर्दोष पाहिजे. ईरा लिहून देईल. तिला म्हटलं, रविवारी बस माझ्यासोबत, मी सांगतो तू लिही. तिने आधी टेबल पुसून घेतलं. मग म्हणाली, बसते.

तू दोन पत्रांपासून गप्प का? तब्येत बरी आहे ना? दोन ओळी टाक, मला आधार वाटतो.
तुझा,
जयंत

॥ श्री ॥
माधव नगर, उज्जैन
१२ एप्रिल २०२६

ती. अक्कास,
जयंताचा सा. न.

ईराने सांगितलं, तुला सगळं ठाऊक होतं. यावर मी महिनाभर तुझ्याशी मनातल्या मनात भांडलो. आता थकलो, म्हणून लिहितोय.

त्या रविवारी आम्ही टेबलाशी बसलो. मी फेऱ्या मारत सांगत होतो आणि ती लिहीत होती. मी सांगितलं, शिकायतकर्ता अनुभवहीन है, ईर्ष्यालु है, व्यापार की मर्यादा नहीं जानता. तिने सगळं लिहिलं. एके ठिकाणी मी नुसतं झूठा म्हटलं, तिने विचारलं मिथ्याभाषी लिहू का, जास्त शोभेल. मी खूश झालो. मग म्हटलं, इथे त्या सचिवाचं नाव टाक, खात्यातून विचारून घेऊ. तिने विचारून न घेताच लिहिलं आणि कागद माझ्याकडे सरकवला. मी चष्मा लावून वाचलं. वाटलं, चुकून स्वतःची सही केली पोरीने. मी म्हटलं, अगं सही माझी, ती खाली. ती म्हणाली, ही सही नाहीये बाबा.

मग मी खूप ओरडलो. काय काय बोललो ते तुला लिहिण्यासारखं नाही. शेवटी माझा आवाज बसला तेव्हा मी विचारलं की मला आधी सांगायला तुला काय झालं होतं, मी काय तुझा वैरी आहे का. तेव्हा ती बोलली. तिचे शब्द जसेच्या तसे लिहितो:

"सांगितलं असतं, तर तुम्ही माझा नंबर लावून दिला असता. मला ते काम नंबरानं नको होतं."

मला फार लागलं, अक्का. बापाबद्दल असं कुणी बोलतं का? मी जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी विष्णूसेठ आले, त्यांना सांगणं भागच होतं. मला वाटलं भडकतील. ते डोक्याला हात लावून हळहळले. म्हणाले, जयंतभाऊ, पहले बताना था, बच्ची का नंबर लगा देते. अगदी मनापासून म्हणाले, डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. आणि मी मान हलवत होतो. हो, लावला असता, असंच माझ्या मनात चाललं होतं, ते बोलायच्या आधीपासून. मान हलवताना ईरा दारात उभी दिसली.

जोरदार उत्तर मी फाडलं. नोटिशीवर लिहून दिलं की तक्रारीबद्दल मला काही म्हणायचं नाही. दोन वर्षं आम्हा तिघांना बंदी आहे. विहंग माझ्याशी बोलत नाही. विष्णूसेठ बोलतात, पण पोहे खायला येत नाहीत.

काल तिच्यासोबत भैरवगढला गेलो. पाटी वाचली. देवश्रीने स्टूल पुसून दिलं आणि तिची चादर नापास करवणारा तो मीच, हे माहीत असूनही चहा दिला. मी बराच वेळ बसून पाहिलं. प्रत्येक ठशाच्या आधी ती बाई कापडावरून हात फिरवते. बूटा का सरकतो ते कळलं, आणि एकसारखा नसतो म्हणजे काय तेही.

निविदा पुन्हा निघालीय, ती एकसारख्या नगांची ओळ गाळून. ईराने पुन्हा भरलीय. इंदूरचे, देवासचे, कोण कोण उतरलेत म्हणतात, मला काही पत्ता नाही. मंदार तिकडे घर बघून बसलाय. काम मिळालं नाही तर पोरगी महिनाभरात जाईल. मी कुणाला फोन करू शकत नाही, आणि केला तर ती मला कधी माफ करणार नाही. शुक्रवारी लिफाफे उघडणार. सकाळपासून तीनदा कॅलेंडर पाहिलं, कारण अक्का, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच असं झालंय की निविदेचा निकाल मला आधी माहीत नाही.

रागावली असशील तरी आपला म्हण.
तुझा,
जयंत